दहा बाटल्या गाळ

३ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'हो मामा, बरं मामा' म्हणत ठेवून देतेस. कागद निदान माझं सगळं बोलणं घेऊन तुझ्यापर्यंत येईल.

माझी टाकी मेली. तुझ्या रिपोर्टाने मारली.

छत्तीस वर्षं मी त्या सांडपाण्याच्या प्लांटवर काढली. साऱ्या गावाची घाण तीन नंबरच्या टाकीत यायची, खालून हवेचे बुडबुडे चालू असायचे आणि आतला तपकिरी गाळ ती घाण खाऊन टाकायचा. मग पुढच्या संथ टाकीत गाळ तळाशी बसायचा, वरचं निवळ पाणी नदीत जायचं आणि बसलेला गाळ पंपाने पुन्हा मागे यायचा. मी कामावर लागायच्या आधीपासून हेच चालू होतं. तो गाळ कधी कुणी बदलला नव्हता. मी सातवी नापास, पण कठड्यावर उभा राहिलो की वासावरून सांगायचो की आज टाकी खुशीत आहे की रुसली आहे. तुला हे सगळं ठाऊक आहे. पण रागात माणूस ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो.

सप्टेंबरात तू लिहिलंस, 'मामा, टाकीतल्या दहा जागांवरून दहा बाटल्या गाळ पाठवा, आत कोण कोण राहतं ते लॅबमध्ये बघते.' मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी आत शिरून भरून पाठवल्या. म्हटलं, भाची टाकीचं नाव काढेल. काढलंस की! 'घाण खाण्याचं काम तीनच जंतू करतात, बाकी गाळ म्हणजे नुसता भार.' हे तुझं वाक्य धाकट्या साहेबांनी मोठ्या अक्षरात छापून ऑफिसच्या भिंतीला लावलं आहे. वय बत्तीस, बूट चकचकीत, कठड्यावर एकदाही न चढलेला इंजिनिअर. त्याने चार दिवसांत टाकी उपसली, ब्लीचिंगने धुतली आणि तुझ्या तीन जंतूंची पावडर पोत्यांनी आणून आत ओतली.

आज वीस दिवस झाले. पाणी दुधासारखं गढूळ. पुलाखाली मासे पोट वर करून तरंगताहेत. आणि शिक्षा कुणाला? चष्मेवालीला. अकरा वर्षं माझ्या हाताखाली शिकलेली पोर. 'पावडर मापात टाकली नाही' असं लिहून तिला घरी बसवलं. चौकशी व्हायची आहे, पण प्लांटच्या आवारातली खोली एप्रिलअखेर रिकामी करायची नोटीस आधीच हातात दिली. काल आमच्याकडे येऊन बसली. रडली नाही. नुसता चष्मा पुसत होती, पुन्हा पुन्हा.

तेव्हा कुशल वगैरे मागाहून. आधी चौकशी समितीला लिही की रिपोर्ट चुकला.

तुझा मामा

११ मार्च

ती. मामांना नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने अक्षरं दिसत नव्हती.

टाकी मारली म्हणता. टाकी म्हणजे गाय नव्हे, मामा. टाकी म्हणजे काँक्रीट, पाणी, हवा आणि जंतू. कोणता जंतू काय खातो हे कळलं की टाकी कळली. मोठी गोष्ट सुटी करायची, एकेक भाग ओळखायचा, नको ते बाजूला काढायचं. आम्ही असंच काम करतो आणि त्यानेच तुमची ती मलेरियाची गोळीही तयार झाली.

तुमच्या दहाही बाटल्यांत तेच तीन जंतू भरलेले होते, जवळजवळ त्याच प्रमाणात. इतका स्वच्छ निकाल मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्या सरांनी तो सगळ्या विभागाला दाखवला. मग ते तीन वेगळे वाढवून चंबूतल्या घाण पाण्यात सोडले. सहा तासांत घाण खलास. हे मी पाच वेळा करून पाहिलं आहे.

चंबूत होतं आणि टाकीत होत नाही, तर पावडर कमी पडली असणार. तुमच्या चष्मेवालीला नीट विचारा. आपल्या माणसाची बाजू घेण्याआधी त्याचे हात बघावेत, हे मला तुम्हीच शिकवलंत.

मामींची कंबर कशी आहे?

ठकी

१६ मार्च

ठके,

मामीची कंबर बरी आहे. माझं डोकं बरं नाही.

चष्मेवालीचे हात मी बघितले. ती पोतं फोडताना प्रत्येक वेळी वहीत लिहायची, कारण मी तिला तशी सवय लावली. एकशे बारा पोती आली, एकशे बारा गेली. माप चुकलं नाही, तुझी समजूत चुकली.

परवा मी स्वतः प्लांटवर गेलो. पहारेकरी जुना, त्याने आकाशाकडे बघितल्यासारखं केलं आणि मी आत. पिशवीत माझी काचेची उभी नळी होती. मामी म्हणालीच निघताना, 'माणूस निवृत्त झाला, नाक अजून ड्यूटीवर आहे.' टाकीतलं पाणी नळीत भरलं, कठड्यावर ठेवलं आणि अर्धा तास बसलो. माझा जुना गाळ असा ठेवला की पाच मिनिटांत त्याचे पुंजके व्हायचे, लोकरीसारखे, आणि सगळे मिळून सावकाश खाली उतरायचे. अर्ध्या तासाने वर असं पाणी की पलीकडचं वर्तमानपत्र वाचावं. परवा अर्ध्या तासाने काय होतं? तेच दूध. तासाने? दूध.

तुझे जंतू जिवंत आहेत. खातातही, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक जण सुटा फिरतो. कुणी कुणाला धरत नाही, म्हणून जड होत नाही. जड होत नाही म्हणून बसत नाही आणि बसत नाही म्हणून खाल्लेल्या घाणीसकट सरळ नदीत.

आता मला सांग, तुझ्या तीन जंतूंपैकी बसणारा कोणता? सूक्ष्मदर्शकाखाली घाल आणि दाखव मला बोटाने. एकही सापडणार नाही. बसणं हा त्यांच्यातल्या कुणाचाच गुण नाही, तो गाळाचा गुण आहे. तू गाळ फेकलास आणि गुण शोधत बसलीस! चंबूतली घाण साफ झाली म्हणतेस, मग त्या चंबूतून जंतू पुन्हा बाहेर काढायचे होते का कुणाला? आम्हाला काढायचे असतात, बाई. रोज. चोवीस तास.

चार शेजारी मोजले म्हणजे गल्ली कळते का? आमच्या गल्लीत एकेक माणूस सोन्यासारखा आहे आणि गल्ली म्हणून आम्ही नालायक आहोत. नळाला पाणी आलं की बघ.

आणि सारखं बाटल्यांचं काय घेऊन बसलीस? बाटल्या पोचल्या, त्यात गाळ होता, विषय संपला. रिपोर्टाचं बोल. समितीला पत्र गेलं का? एप्रिल काही आपल्यासाठी थांबत नाही.

मामा

२५ मार्च

ती. मामांस,

समितीला पत्र गेलेलं नाही. कारण काय लिहायचं ते अजून ठरत नाही. तुम्ही ओरडाल, ओरडा.

तुमच्या पत्राचा राग आला म्हणून मोठ्या काचेच्या बरणीत ते तीन जंतू एकत्र सोडले, खालून हवा दिली आणि तुमच्यासारखी नळी भरून ठेवली. वाटलं, फोटो काढून तुम्हाला पाठवीन आणि तुमचं तोंड बंद करीन. अर्धा तास गेला. बसलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. फोटो काढलाच नाही.

मग मी आमच्या इथल्या प्लांटवर जाऊन गाळ आणला. फेसाळ कोपऱ्यातला, मधला, पाणी बाहेर पडायच्या दाराजवळचा. तीन जागा आणि तीन तऱ्हा. कोपऱ्यातल्या फेसात दोऱ्यासारखे लांबलचक जंतू. आम्ही त्यांना उपद्रवी म्हणतो, कारण ते फार वाढले तर गाळ फुगतो. पण थोडे असले तर त्या दोऱ्यांना धरूनच पुंजका उभा राहतो, असं इथल्या ऑपरेटरने मला सांगितलं. हसत सांगितलं. माझ्या पदव्या विचारून मग हसला.

तुमच्या दहा बाटल्यांत दोरा औषधालाही नव्हता. एकाही बाटलीत नाही. दहा जागा आणि सगळीकडे तंतोतंत तेच? जिवंत टाकीत असं होत नाही. मला हे सप्टेंबरातच सुचायला हवं होतं.

मामा, तुम्ही बाटल्या कुठे भरल्यात? बाकीची गल्ली, शेजारी, नळ काही नको. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

चौकशी बारा एप्रिलला आहे. मलाही बोलावलं आहे.

ठकी

४ एप्रिल

ठके,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. मामी म्हणते, कागदवाल्याचं भलं करताय. हे चौथं.

एकाच जागी भरल्या.

पाणी बाहेर पडायच्या दाराजवळ, जिथे पायऱ्या आहेत. दहाही तिथेच. तुझ्या कागदावर टाकीचा नकाशा होता, दहा फुल्या होत्या, मी चष्मा लावून नीट पाहिला होता. पण ती लांबची बाजू कठड्यावरून चालत जायची आणि माझा गुडघा सप्टेंबरात असा होता की संडासातून उठताना भिंत धरायचो. चष्मेवालीला सांगितलं असतं तर तिने धावत भरून आणल्या असत्या. नाही सांगितलं. मास्तर आता कठड्यावर चढत नाही, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

पण नुसता गुडघा नव्हे, खरं ते सगळं सांगतो. तिकडच्या कोपऱ्यात फेस साचायचा. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारा. मी छत्तीस वर्षं झाऱ्याने तो मागे ढकलत आलो, साहेब आले की आधी तोच लपवायचा. आता भाची एवढी शिकली, मोठ्या लॅबमध्ये चार माणसांसमोर बाटली उघडणार आणि तिच्या मामाच्या टाकीतून फेस निघणार? पाहुण्याला आपण फुटका कप देतो का? दाराजवळचा गाळ देखणा होता, मऊ, बारीक दाण्याचा, मातीच्या वासाचा. तो दिला. एकाच बादलीत काढला, फडक्यातून गाळला, तुकडे-बिकडे राहू नयेत म्हणून. मग दहा बाटल्यांवर एक ते दहा आकडे घातले. अक्षर चांगलं काढलं होतं, आठवत असेल तुला.

फडक्यातून गाळला हे तर मी तुला सांगणारच नव्हतो.

तेव्हा आता काय म्हणायचं ते म्हण. पण मीही म्हणणार. एवढी शिकलेली तू, तुला दहा सारख्या बाटल्या आल्या तेव्हा शंका आली नाही? यायला काय झालं होतं? आगगाडी आमच्या गावात थांबते. एकदा येऊन कठड्यावर उभी राहिली असतीस, नाकाने वास घेतला असतास, तर मला लपवता आलं नसतं. तुला टाकी नको होती, तुला बाटल्या हव्या होत्या.

रात्री झोप नाही. चष्मेवाली काल भाजी देऊन गेली. आम्हाला! तिच्या घरात सामान बांधून ठेवलं आहे आणि ती आम्हाला भाजी देते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

मामा

७ एप्रिल

मामा,

आशीर्वाद, नमस्कार सगळं गृहीत धरा. मला आत्ता तुमच्या पाया पडावंसं वाटत नाही.

फडक्यातून! गाळात कोण कोण राहतं ते शोधायला निघालेल्या मुलीला तुम्ही पुंजकेच गाळून टाकून पाठवलेत. सहा-सात महिन्यांचं माझं काम, माझ्या सरांचं नाव, तो भिंतीवरचा कागद, पुलाखालचे मासे, सगळं तुमच्या एका बादलीवर उभं आहे. मी पत्र वाचून लॅबच्या जिन्यात बसले आणि शिव्या दिल्या. तुम्हाला. मोठ्याने.

आता माझंही ऐका, कारण तुम्ही खरं लिहिलंत. निकाल आला तेव्हा मला शंका आली होती. अर्धा दिवस आली होती. मग सर म्हणाले, 'किती सुंदर!' आणि मी ती शंका गिळली. तीन हा आकडा छान होता. चाळीस निघाले असते तर कुणी भिंतीवर लावलं नसतं.

आणि याहून वाईट सांगते. तुम्ही दहाही बाटल्या खऱ्या भरल्या असत्यात, तरी मी काय केलं असतं? चाळीस नावांची यादी. मग चाळिसांची पावडर. ती टाकीत ओतली असती तरी गाळ झाला असता असं मला आज वाटत नाही. कोण कुणाला धरतं, कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या आधी येतं, हे बाटलीत येतच नाही. बुडबुडे बंद झाले की तासाभरात तो गाळ वेगळाच कुणी झालेला असतो. तुम्ही मला खोटी बाटली दिलीत, पण मी खऱ्या बाटलीलाही टाकीच समजणार होते.

समितीचा फॉर्म आला आहे. शेवटी एक रकाना आहे, 'जबाबदार व्यक्तीचे नाव'. एका ओळीचा. मी येते आहे. माझी चूक मी बोलेन. तुमची तुम्ही बोलणार की मी बोलू, ते ठरवून ठेवा.

ठकी

९ मे

चि. ठकीस आशीर्वाद. घे किंवा परत पाठव.

त्या दिवशी तू चौकशीत माझ्यापासून तीन खुर्च्या लांब बसलीस, एकदाही बघितलं नाहीस आणि घरी पाणीसुद्धा न पिता संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मामीने तुझ्यासाठी चादर बदलली होती. असो. तू गेल्यावर काय झालं ते कळायला हवं म्हणून लिहितो.

तू उभी राहून 'माझा निष्कर्ष चुकला' म्हणालीस ना, तेव्हा धाकट्या साहेबांनी बूट टेबलाखाली ओढून घेतले. मी पाहिलं. मग माझी पाळी आली, मी बादली सांगितली, फडकं सांगितलं, तेव्हा मागे चष्मेवाली बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. हे सगळं तुझ्यासमोरच झालं. पण तू गेलीस आणि अध्यक्षांनी मला आत बोलावलं. कारकून पेन उघडून बसलेला. अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, नाव एकच लिहायचं आहे. कुणाचं लिहू?"

मी म्हटलं, "लिहा. भाचीने न येता रिपोर्ट लिहिला. तिच्या सरांनी घाई केली. मी बाटल्या खोट्या भरल्या. साहेबांनी एक ओळ वाचून टाकी उपसली, चष्मेवालीने दोनदा 'थांबा' लिहून दिलं ते फायलीत दाबलं. तुम्ही पावडरीच्या खरेदीवर सही केलीत. यातला कुणीही एकटा असता तर टाकी मेली नसती. सगळे मिळून मेली."

"आजोबा, रकाना एवढाच आहे."

"मग रकाना चुकलाय!" मी टेबलावर हात आपटला. "तिकडे तीन जंतूंत टाकी कोंबलीत, इकडे एका नावात गुन्हा कोंबताय. शिकलात काय मग?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. भला माणूस असावा, पण त्याला जेवायला जायचं होतं. त्यांनी कारकुनाला हळूच सांगितलं आणि त्याने माझं नाव लिहिलं. पुढे कंसात, 'सेवानिवृत्त, कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.' फाईल बंद. साहेब सुटले, अध्यक्ष सुटले. चष्मेवालीही सुटली, तिची खोली राहिली, म्हणून मी गप्प बसलो. पण ठके, माझ्या अंगाची लाही लाही झाली. शिक्षा झाली नाही याचा इतका राग येतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

चष्मेवाली पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी दारात उभी राहिली. "मास्तर, गुडघा दुखत होता तर मला हाक मारायची होती. मी काय तुमचा फोटो काढणार होते?" एवढंच म्हणाली आणि माझी काचेची नळी मागून घेऊन गेली.

तिने टाकीत काही टाकलं नाही. ना पावडर, ना औषध. गावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, हवा चालू ठेवायची, तळाशी जे काय चिमूटभर बसेल ते जपून मागे फिरवायचं. दिवसाला चार वेळा. पहिल्यांदा साबणासारखा पांढरा फेस आला. मग तो मोडला. परवा तिने मला कठड्याजवळ खुर्ची दिली आणि नळी समोर ठेवली. वीस मिनिटांनी वर दोन बोटं पाणी निवळलं. दोनच बोटं. पण खाली लोकर दिसत होती. हे कुणी केलं म्हणून मला विचारू नकोस. ते जंतू कुठून आले तेही मला माहीत नाही. गावातूनच आले असतील, रोज येतातच की.

आता ऐक. धाकटे साहेब गप्प बसलेले नाहीत. तुझी नवी यादी मागवणार म्हणतात. चाळीस नावांची. 'या वेळी पूर्ण पावडर आणू.' चष्मेवालीने अर्ज लिहिलाय, पण तिच्या अर्जाचं काय होतं ते फायलीने दाखवलंच आहे. तेव्हा पत्राने यादी पाठवलीस तर याद राख. तू स्वतः ये. साहेबांना कठड्यावर चढव, त्या चकचकीत बुटांसकट, आणि तू मला जिन्यात बसून जे काही म्हणालीस ते त्यांना म्हण.

तुझ्या नकाशातली दहावी फुली हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या मागे आहे. तिथे फेस असतो आणि पाय घसरतो. मी येईन बरोबर, गुडघ्याचं मी बघतो. तिथे तुझा हात धरीन.

राग गेला म्हणून नव्हे. रागातच धरीन.

मामा